मूर्तीसाठी कोणता संगमरवर?

प्रश्न : आखाजीला गावच्या मंदिरात तीन फुटी राम-सीता बसवायच्या आहेत. मकराना, अंबाजी, राजनगर असे तीन पांढरे दगड दाखवले. कोणता घ्यावा? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : चेहऱ्याचे नाजूक काम हवे असेल तर मकराना. पण नावापेक्षा समोरचा ठोकळा तपासा. तो पाण्याने पूर्ण भिजवा आणि फडक्याने पुसा. बाकी दगड वाळला तरी जी रेघ ओलीच राहते, तो तडा. अशी रेघ मान, मनगट किंवा धनुष्यावरून जात असेल तर ठोकळा घेऊच नका; छिन्नीचा घाव बसला की तिथेच फुटतो. हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत पोकळी, तडा किंवा भरलेली लांबी (पुट्टी) असते. लांबी पुढे पिवळी पडते.

मकराना, अंबाजी हे कॅल्साइट या खनिजाचे दगड. दही, लिंबू लागले की झिलई जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो. राजनगरचा दगड बहुतांशी डोलोमाइट या खनिजाचा, तो आंबटाला थोडा जास्त टिकतो, कायमचा नाही. म्हणून पंचामृत धातूच्या उत्सवमूर्तीवरच घाला, ही आमची आग्रहाची विनंती.

वजनाचा अंदाज आधीच घ्या. एक घनफूट संगमरवर साधारण ७६ किलो भरतो, म्हणजे ३ × १.५ × १ फुटाचा ठोकळा सुमारे ३४० किलो. मूर्ती बसवताना पांढरे सिमेंट वापरा आणि खुंटी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. लोखंडी खुंटी गंजते, फुगते, पायथा फोडते आणि तांबूस डाग वर चढतो.

प्रश्न : विठ्ठलमूर्ती काळ्या मार्बलची करावी की आपल्याकडच्या काळ्या दगडाची? – एक वाचक, शहादा

उत्तर : रोज अभिषेक असेल तर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. दह्या-लिंबाने त्याचे काही बिघडत नाही. घडवायला मात्र कठीण, मजुरी वाढते. बारीक भोके आणि पांढरे ठिपके नसलेलाच दगड निवडा. भैसलाण्याचा काळा मार्बल झिलई दिल्यावर सुरेख दिसतो, पण झिलई गेली की राखाडी पडतो. रंग चढवलेला दगड ओळखायचा तर नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस मागच्या बाजूला घासा. काळा उतरला तर परत करा.

प्रश्न : प्रभावळीला केसरियाजीचा हिरवा मार्बल चालेल? – एक वाचक, चोपडा

उत्तर : चालेल. तो सर्पेंटाइन या खनिजाचा दगड आहे. पातळ लादी ओल्या सिमेंटवर वाकते, म्हणून इपॉक्सीने चिकटवा.