आंब्र सुलतान की आंब्र नार्गिले? नागपूरसाठी माझं मत

ताई, परफ्यूम म्हणून सर्ज ल्युटेन्सचं आंब्र सुलतान घ्यावं की एर्मेसचं आंब्र नार्गिले, आणि तेही एकच बाटली ऑफिसला आणि डिसेंबरच्या लग्नांना चालेल अशी, हा तुमचा प्रश्न. मी सुलतान घ्या म्हणेन.

दोन्हींचा पाया अंबरचा. अत्तरातलं अंबर ही एक वस्तू नसते. भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस झुडपाची चिकट राळ, म्हणजे लॅब्डेनम, त्यात बेंझॉइन (आपण निखाऱ्यावर टाकतो तो लोबान) आणि व्हॅनिला, असा तो मेळ असतो. फरक पडतो तो वरच्या थरात.

नार्गिले 2004 चं, जाँ-क्लोद एलेना यांनी घडवलेलं. मध, तंबाखू, रम, दालचिनी. लावताक्षणी जीव जडतो. क्रिस्टोफर शेल्ड्रेक यांनी घडवलेलं सुलतान मात्र सुरुवातीला कडवट लागतं, जवळजवळ औषधी: ओरेगॅनो, लॉरेलचं पान (आपल्या तमालपत्रासारखं), धणे. दुकानात कागदी पट्टी हुंगून बरेच जण इथेच नाक मुरडतात. थोडं थांबा. अर्ध्या तासाने मनगट पुन्हा नाकाशी न्या. हिरवा कडूपणा मागे सरकलेला असतो आणि खालून राळ वर येते, ऊबदार, किंचित चामड्याच्या वासाची. गोडी असते, पण कोरडी.

आपल्या नागपुरात हा कोरडेपणाच कामाला येतो. डिसेंबरात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी उन्हात तोच हातात घेऊन फिरावं लागतं. अंग तापलं की वास जास्त जोरात सुटतो. म्हणून इथे अंबर पारखायचं ते दुपारी दोनला. त्या वेळी नार्गिलेचा मध आटलेल्या पाकासारखा अंगाला चिकटून राहतो, बंद केबिनमध्ये शेजारच्यालाही जड होतो. सुलतान तिथे निभावून नेतं.

तरी आधी दोन्हींचे छोटे नमुने मागवाच. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं, घासायचं नाही, आणि दुपारी सीताबर्डीत एक चक्कर मारून या. फिक्या रेशमी साडीवर फवारू नका, राळेचा डाग पडू शकतो. उन्हाळ्यात बाटली खोक्यासकट आतल्या, थंड खोलीत ठेवा. मार्चनंतर दोन्हींना सुट्टी, तेव्हा वाळ्याचं अत्तर बरं.

ऑफिसचा विचार सोडून फक्त रात्रीच्या लॉनवरच्या रिसेप्शनसाठीच हवं असेल, तर बिनधास्त नार्गिले घ्या. थंडीत ते फार देखणं खुलतं.