‘कोडेड’ स्पंद : गुप्त, सांकेतिक की संकेतबद्ध?

पुण्यात वैद्यकीय उपकरणांच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपणे लिहिणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे : सोनोग्राफीतील ‘कोडेड एक्सायटेशन’ला (ठरावीक घडणीचा ध्वनी शरीरात पाठवण्याच्या पद्धतीला) ‘गुप्त संकेतांचे उत्तेजन’ म्हणावे, की नुसते ‘सांकेतिक उत्तेजन’ पुरे?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. कारण कळण्यासाठी आधी हा कोड तिथे कशासाठी असतो ते पाहायला हवे. मऊ ऊतींमध्ये ध्वनी क्षीण होण्याचा ढोबळ दर, दर मेगाहर्ट्झला आणि दर सेंटिमीटरला अर्धा डेसिबल इतका आहे. म्हणजे ५ मेगाहर्ट्झचा स्पंद (पल्स, ध्वनीचा छोटा ठोका) १० सेंटिमीटर आत जाऊन परत येईपर्यंत ५० डेसिबल गमावतो आणि त्याची तीव्रता एक लाखांश उरते. स्पंदाचा जोर हवा तितका वाढवता येत नाही, कारण ऊतींच्या सुरक्षिततेसाठी त्याच्या शिखरदाबावर मर्यादा घातलेली असते. स्पंद नुसता लांबवला, तर ऊर्जा वाढते, पण जवळजवळचे दोन थर चित्रात एकमेकांत मिसळतात. म्हणून लांब स्पंदाला ठरावीक घडण देतात. बार्कर या संशोधकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १३ घटकांच्या कोडमध्ये काही घटक सुलट, तर काही उलट कलेचे (फेजचे) असतात. परत आलेला प्रतिध्वनी त्याच घडणीशी ताडून पाहिला की नेमक्या जागी १३ पट उंच शिखर उभे राहते, आणि आजूबाजूची उपशिखरे एकाहून मोठी नसतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या गोंगाटातही दारावरची ठरलेल्या लयीतली टकटक घरच्यांना कळते, त्यातलाच हा प्रकार. ही युक्ती सोनोग्राफीत रडारकडून आली.

तेव्हा इथल्या कोडचे काम लपवण्याचे नाही, ओळख पटवण्याचे आहे. ‘गुप्त’, ‘कूट’ हे शब्द त्यामुळे अर्थाच्या नेमके उलट दिशेला नेतात. सोनोग्राफीच्या संदर्भात तर ‘गुप्त संकेत’ अधिकच अडचणीचा आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४च्या कायद्याने गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे कळवण्यास मनाई केली आहे, आणि तशा आशयाचे फलक आपण प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात वाचतो. त्याच यंत्राच्या टिपणात ‘गुप्त संकेत’ वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात भलतेच काही आले, तर त्याला दोष देता येणार नाही.

‘सांकेतिक’ची अडचण निराळी आहे. समीक्षेत ‘सांकेतिक निसर्गवर्णन’ म्हणजे ठोकळेबाज, रूढीने चालत आलेले वर्णन. ती छटा इथे नको. शिवाय ‘सिग्नल’लाही आपण ‘संकेत’च म्हणतो, त्यामुळे ‘कोडेड सिग्नल’चे ‘सांकेतिक संकेत’ होऊन बसते. (परिभाषा घडवताना दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्याची सवय आपल्याकडे कमीच.)

मी ‘संकेतबद्ध स्पंद’ सुचवेन. छंदबद्ध, तालबद्ध, लिपीबद्ध या शब्दांमुळे ‘-बद्ध’ला ‘नियमाने बांधलेले’ हा अर्थ मराठीत आधीच पक्का आहे, आणि इथे तोच हवा आहे. सिग्नलसाठी मग ‘सिग्नल’च ठेवावा, सोनोग्राफी आणि प्रोब जसे रुळले आहेत, तसा तोही रुळलेला आहे. ‘उत्तेजन’ मात्र सोडून द्यावे. प्रोबमधल्या स्फटिकाला विद्युतदाब देऊन त्याच्याकडून ध्वनी पाठवायचा आहे, म्हणून ‘प्रक्षेपण’ पुरेसे आणि सरळ आहे. संपूर्ण संज्ञा होईल ‘संकेतबद्ध स्पंदप्रक्षेपण’.

याच टिपणात ‘पल्स कम्प्रेशन’ही येईल, तिथे ‘संपीडन’ लिहू नये. पायातील शिरेत रक्ताची गुठळी आहे का हे पाहताना डॉक्टर प्रोबने शीर दाबतात, त्या दाबण्यालाही कम्प्रेशनच म्हणतात, आणि विद्यार्थी दोन्हींची गल्लत करतील. लांब प्रतिध्वनीतून आखूड शिखर काढण्याच्या क्रियेला ‘स्पंदसंक्षेपण’ म्हणावे. गोले या संशोधकांच्या कोडजोडीला (एकामागून एक पाठवायच्या दोन कोडना) मात्र ‘पूरक’ हे विशेषण बिनदिक्कत लावावे, कारण त्या जोडीतील दोन प्रक्षेपणांची उत्तरे मिळवली की एकाची उपशिखरे दुसऱ्याच्या उपशिखरांनी पुरती खोडली जातात. अर्थात, दोन प्रक्षेपणांच्या दरम्यान ऊती हलली नसेल तरच.