धरण भरलं, मग रोहित गेले कुठं?

प्रश्न : डिसेंबरात मुलांना घेऊन पैठणला गेलो. नाथसागर काठोकाठ भरलेला. धरणाच्या भिंतीजवळ सकाळभर थांबलो, पण पाणकावळे आणि दोन-चार बगळे सोडले तर काही दिसलं नाही. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) यायचे बंद झाले का? आणि दुर्बीण कोणती घ्यावी?
– एक शिक्षिका, अंबड

उत्तर : नाही ताई, रोहित येतात. तुम्ही भरल्या पाण्यावर गेलात. भिंतीजवळ पाणी सगळ्यात खोल. तिथं बुडी मारून मासे धरणारा पाणकावळाच रमणार. रोहित पाण्यात उभा राहून, मान खाली सोडून, चोच उलटी धरून गाळातले बारीक जीव गाळून खातो. त्याला उथळ पाणी हवं. नाथसागर परातीसारखा पसरट आहे. तो भरला की पाणी शेताच्या बांधाला लागतं आणि उथळ काठ सगळा बुडतो. सोनेवाडीकडचे एक मच्छीमार काका मला नेहमी ऐकवतात, "पाणी वसरू द्या की सर, पाखरू उभं राहील कुठं?"

कालव्यांना आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी पाण्याच्या पाळ्या, सुटली की काठ उघडा पडत जातो. कमी पावसाच्या साली हे लवकर होतं, भरल्या साली फेब्रुवारी उजाडतो. तेव्हा मुलांना फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा न्या, आणि भिंत सोडून फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीपासून लांब जिथं पाणी मागं पसरतं त्या, बाजूला जा. मार्चपासून बदकं उत्तरेला निघतात, रोहित उन्हाळ्यातही रेंगाळतात.

मुलांना एक पक्षी मात्र दाखवाच : पट्टकादंब. राखाडी अंग, पिवळसर चोच, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेला हा पाहुणा गवतावर आणि आपल्या गव्हा-हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर चरतो, तेही बहुतेक रात्री. उजाडताना थवे ओरडत पाण्यावर परततात. तो देखावा चुकवू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून झुंजुमुंजूलाच काठावर हजर राहा. थव्यातल्या माना एकदम वर झाल्या की आहात तिथंच थांबा. फोटोसाठी थवा उडवणारे पाहिले की जीव तुटतो. १९८६ पासून हे अभयारण्य आहे, निदान इथं तरी त्यांना निवांत बसता यावं.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहापट मोठं दाखवणारी मुलांच्या हातात हलते. स्वस्तातल्या झूमवाल्या दुर्बिणीच्या नादी लागू नका, चित्र अंधुक दिसतं. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा.

काळ्या गाळाला वरून भेगा पडलेल्या दिसल्या तरी त्यावर मुलांना जाऊ देऊ नका, खाली ओल असते आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. बांधावरूनच चाला. गाळपेराचा, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पेरलेला, हरभरा तेव्हा घाट्यावर असतो. शेतमालकाला विचारल्याशिवाय त्यात पाय घालू नका.