शिंकलं की लघवी सुटते, हे वयामुळेच का?

तुमची आई ५८ वर्षांची, शिंक आली की लघवी सुटते म्हणून तिने लग्नाकार्याला जाणंच बंद केलंय आणि घरातले म्हणतात, वय झालं, चालायचंच. नाही हो, चालायचं नाही! मीही नऊ वर्षं हेच ऐकलं. एका दवाखान्यातसुद्धा.

माझं दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं. पाण्याची बादली उचलली की दोन-चार थेंब. मग गडद रंगाच्याच साड्या, परकराच्या आत घडी केलेलं फडकं, एसटीने जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद.

आईला आधी एवढंच विचारा, नेमकी कधी सुटते? खोकताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना, तेवढ्यापुरतीच सुटत असेल तर तो ताणाचा प्रकार. मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होऊन तिथली त्वचा नाजूक होते. त्यात वाढलेलं वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठतेमुळे रोजचं कुंथणं. योनीतून अंग बाहेर येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं, बायका नेमकं तेच लपवतात.

घाईचा प्रकार निराळा. दाराच्या कुलपात किल्ली घातली की अशी जोराची लागते, की मोरीपर्यंत पोचायच्या आत साडी भिजते. इथे मूत्राशय पुरतं भरायच्या आधीच आवळतं. लघवीतला जंतुसंसर्ग, मधुमेह, पक्षाघात, पार्किन्सन अशी कारणं असू शकतात, बरेचदा कारण सापडतही नाही. वारंवार चहा-कॉफी घेतल्याने त्रास वाढतो. पुष्कळ बायकांना दोन्ही प्रकार एकत्र असतात. आणि थेंब थेंब गळतच राहून पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नसेल, तर मूत्राशय रिकामंच होत नसेल. जुन्या मधुमेहात नसांवर परिणाम होऊन असं होतं. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत आत किती उरली ते कळतं.

प्रकार ओळखायचा तो यासाठी, की घाईवरच्या गोळ्यांचा ताणाच्या प्रकाराला उपयोग होत नाही. मी त्या चार महिने उगाच खाल्ल्या.

मला फरक पडला तो व्यायामाने. डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडलेला हा व्यायाम. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, चारचौघांत वायू अडवताना जे आवळता तेच आवळा, पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा कोरडी शिंकले! आता शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळते. याने भागलं नाही तर ताणाच्या प्रकारावर शस्त्रक्रियाही आहे.

आईचं पाणी मात्र तोडू नका, घट्ट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर लगेच दाखवा. नाहीतर तीन दिवस वहीत लिहा: किती प्यायली, किती वाजता गेली, कधी सुटली. ती वही घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.