तिन्ही मॅच हरलेल्या त्या पोरांचं पुढं काय झालं?

कोल्हापूरच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा दहावीत, जन्म नोव्हेंबर २०१० चा. पेठेतल्या तालमीच्या ज्युनियर फुटबॉल संघात मिडफिल्डला खेळतो. "मी इंडियाच्या अंडर-सेव्हन्टीनमध्ये खेळणार, मला दहावी कशाला हवी?" असं म्हणतो. वडिलांचं वर्कशॉप आहे. त्यांचं म्हणणं, फुटबॉलनं पोट भरत नाही. अशात एक गृहस्थ घरी येऊन गेलेत. सहा लाख भरा, पोराला स्पेनच्या अकादमीत घालतो, तिथून भारताचा संघ नक्की, असं सांगून गेलेत. पत्राच्या शेवटी बाई विचारतात: "आपला संघ २०१७ च्या वर्ल्डकपमध्ये तिन्ही मॅच हरला होता ना? मग त्या पोरांचं पुढं काय झालं?"

ताई, नमस्कार.

दहावीचं काय करायचं, एजंट खरा का खोटा, हे प्रश्न मला रोज येतात. तुमचा शेवटचा प्रश्न मात्र आजवर एकाही पालकानं विचारला नव्हता. सगळे विचारतात, माझा मुलगा भारताकडून खेळेल का? जे खेळले त्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तो सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप होता. ६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत अमेरिकेनं आपल्याला ०-३ नं हरवलं. १२ तारखेला घानानं ०-४. या दोन्हींच्या मधे ९ तारखेला कोलंबिया होती. त्या रात्री मी टीव्हीसमोर बसलो होतो. आपण ०-१ नं मागे होतो. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिननं कॉर्नर थेट गर्दीत टाकला आणि मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं उंच उडी मारून हेडर घातला. फिफाच्या वर्ल्डकपमध्ये भारताचा पहिला गोल! सीनियर, ज्युनियर, कुठल्याच गटात त्याआधी आपला संघ तिथं खेळलेला नव्हता आणि हाही खेळला तो यजमान म्हणून. स्टेडियममध्ये नुसता कल्ला. माझा चहा सांडला. तो पुसेपर्यंत कोलंबियाच्या पेन्यालोसानं दुसऱ्या टोकाला गोल करून १-२ केलं होतं. पोरं जल्लोषातून बाहेर यायच्या आत बॉल जाळीत. सतरा वर्षांची पोरं म्हणजे काय, ते त्या एका मिनिटात दिसलं.

पण ताई, ज्याच्या नावावर तो गोल आहे, तो जॅक्सन आधी त्या संघात नव्हताच. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशननं २०१५ पासून मुलं गोळा करून त्यांना परदेश दौरे घडवले होते. आधी निकोलाय अ‍ॅडम हे जर्मन प्रशिक्षक होते, २०१७ मध्ये पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दे मातोस आले. जॅक्सन तेव्हा मिनर्वा अकादमीकडून खेळत होता. त्या मिनर्वाच्या पोरांनी सराव सामन्यात भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघालाच हरवलं आणि त्यानंतर त्यांच्यातले काही जण भारताच्या कॅम्पमध्ये आले. म्हणजे निवड हुकली तरी जो दर आठवड्याला मॅच खेळत होता, त्याच्यासाठी दार पुन्हा उघडलं.

आता त्या एकवीस जणांचं पुढं काय झालं ते सांगतो. जॅक्सन, सुरेश वांगजम, लालेंगमाविया ऊर्फ अपुइया, अन्वर अली, रहीम अली, कॅप्टन अमरजित सिंग आणि तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव यांच्यासारखे काही जण भारताच्या सीनियर संघातून खेळले. बाकीच्यांपैकी काहींना क्लबात जागा मिळाली, काही अधूनमधून बेंचवर दिसले, काहींची नावं आता पेपरात शोधावी लागतात. देशानं निवडलेले, ज्यांच्यावर खर्च केला असे हे एकवीस जण. त्यांच्यातही इतका फरक पडला.

हा फरक वर्ल्डकपमध्ये पडला नाही. तो पडला सतरा ते एकवीस या चार वर्षांत. वर्ल्डकप संपल्यावर फेडरेशननं त्यातल्या बऱ्याच मुलांना 'इंडियन अ‍ॅरोज' नावाखाली थेट आय-लीग या मोठ्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवलं. पहिल्याच मॅचमध्ये चेन्नई सिटीला ३-० नं हरवलं, त्यात दोन गोल अनिकेतचे. सीझन संपला तेव्हा अ‍ॅरोज तळाला होते. पण रेलिगेशनची, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची, टांगती तलवार नव्हती आणि मोठ्या माणसांविरुद्ध आठवड्याला नव्वद मिनिटं मिळत होती. माझ्या मते भारतीय फुटबॉलनं त्या पोरांसाठी केलेलं सगळ्यात शहाणं काम तेच. २०२२ मध्ये तो संघ बंद केला. मला ते अजून पटलेलं नाही.

त्याच पिढीची आणखी एक मॅच सांगायचा मोह होतोय. ऑगस्ट २०१८, स्पेनमधली कोटिफ स्पर्धा, वीस वर्षांखालचा संघ, प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो. समोर अर्जेंटिना. दीपक टांगरीनं चौथ्याच मिनिटाला गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये अनिकेतला रेड कार्ड मिळालं, दहा जण उरले. तरी अन्वर अलीनं फ्री किकवर दुसरा गोल घातला आणि आपण २-१ नं जिंकलो. अर्जेंटिनाच्या बेंचवर प्रशिक्षक म्हणून लिओनेल स्कालोनी होते, तेच ज्यांनी चार वर्षांनी मेस्सीच्या संघाला वर्ल्डकप जिंकून दिला. पेठेत ही गोष्ट चिरंजीवांना पाठ असणारच. रेड कार्डाचा भाग ते सांगतात का, बघा.

अनिकेतचं उदाहरण तुमच्या मिस्टरांना मुद्दाम सांगा. वडील रिक्षा चालवायचे. घरात सहा लाख सोडा, बुटांचीही मारामार. तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी निवासी व्यवस्थेत, शाळा न सोडता. पुढं हैदराबाद एफसीनं २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली त्या संघात तो होता. मधे ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे इंग्लंडमध्ये काही महिने सरावालाही गेला, पण आय-लीगमध्ये खेळल्यावर. परदेशी क्लब त्याच्या वाटेत उशिरा आला, सुरुवातीला नाही.

अन्वर अलीची गोष्ट वेगळी आहे. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष सापडला. फेडरेशननं खेळ थांबवायला सांगितलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तो परत आला आणि आज सीनियर संघाच्या बचावफळीतलं ते ठळक नाव आहे. त्याचं निभावलं. पण विशीच्या आत एखाद्याला डॉक्टर 'आता बास' म्हणू शकतात, हेही त्यातच आलं. मुलाचा ईसीजी आणि इको या सुट्टीत करून घ्या.

आता "अंडर-सेव्हन्टीन खेळणार" या वाक्याकडे येतो. वयोगटाच्या संघात गुणवत्तेइतकंच जन्मसालाचं नशीब लागतं. १९७४ ला बँकॉकमध्ये शब्बीर अलींच्या संघानं आशियाई युवा स्पर्धेत इराणबरोबर संयुक्त विजेतेपद मिळवलं. तसं यश पुन्हा आलं नाही. २०१८ ला मलेशियात, सोळा वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत, बिबियानो फर्नांडिस या गोवेकर प्रशिक्षकाच्या पोरांनी साखळीत एकही गोल खाल्ला नाही: व्हिएतनामला १-० नं हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला बरोबरीत अडवलं. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाशी ०-१ नं हरले. तेव्हा आशियातून वर्ल्डकपच्या चारच जागा होत्या, म्हणजे ती एक मॅच जिंकली असती तर थेट वर्ल्डकप. त्यांच्या पाठची बॅच २०२० च्या स्पर्धेसाठी पात्र ठरली आणि कोविडमुळं ती स्पर्धाच रद्द झाली. ती पोरं चांगली होती, जन्मसाल चुकलं. २०२३ च्या बॅचनं जपानविरुद्ध चार गोल केले, पण आठ खाल्ले.

आता नियम बदललेत. सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप २०२५ पासून दरवर्षी होतो, अठ्ठेचाळीस संघांचा. आशियाई स्पर्धेत शेवटच्या आठांत आलं की तिकीट. म्हणजे मलेशियातली पोरं आजच्या हिशेबानं पोचलीच असती! नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला आपल्या पोरांनी इराणला २-१ नं हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, प्रशिक्षक पुन्हा बिबियानोच. त्यामुळं दार पूर्वीपेक्षा रुंद झालंय, हे चिरंजीवांचं म्हणणं चूक नाही.

त्यांचं गणित मात्र जरा मांडू. २०२७ साठी १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं चालतील. तुमचा मुलगा नोव्हेंबरचा, म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या पोरांशी त्याची स्पर्धा दहा महिन्यांनी लहान असताना. त्या वयात दहा महिने म्हणजे खांद्याला खांदा लागतानाचा फरक. आणि २०२८ ला मर्यादा १ जानेवारी २०११. तिथं तो काही आठवड्यांनी बाद. त्याच्या हातात जवळपास एकच फेरी आहे. कुणी "दाखल्यावर २०११ करून घेऊ" म्हणालं तर त्याला चहासुद्धा देऊ नका. मनगटाचा एमआरआय काढतात, पोरगं पकडलं जातं आणि डाग त्याच्या नावावर राहतो.

स्पेनबद्दल थोडक्यात. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी मोजके अपवाद सोडले तर होत नाही, आणि आपल्याकडून फी भरून जाणारा मुलगा सहसा त्या अपवादांत बसत नाही. मग तो तिथं सराव करेल, फोटो काढेल, अधिकृत लीगमध्ये खेळणार कुठं? भारताची निवड तर इथल्या मॅच बघून होते. जिल्हा, मग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या चाचण्या, मग राज्याकडून ज्युनियर नॅशनल म्हणजे बी. सी. रॉय ट्रॉफी, शाळेकडून सुब्रतो कप, आणि अकादम्यांची युथ लीग. सहा लाखांत या वाटेवरची तीन-चार वर्षं निघतात.

पेठेच्या संघाचं थोडं नाजूक आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार ही तालमींची मॅच बघायला जेवढं पब्लिक लोटतं, तेवढं आयएसएलच्या काही मॅचनाही दिसत नाही. पोराला तिथं मिळणारी नशा मी समजू शकतो. पण सीनियर चषकांच्या सीझनमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला बेंचवर बसवून ठेवलं जात असेल तर त्याचा वेळ वाया जातोय. तालमीच्या मंडळींना राग येईल, येऊ दे. तुम्ही एकच गोष्ट करा: एक वही घाला. तारीख, समोरचा संघ, किती मिनिटं खेळला. सहा महिन्यांनी बेरीज करा. जी जागा त्याला जास्त मिनिटं देते, तिथं त्याला ठेवा, नाव मोठं असो की छोटं.

दहावी द्यायची. यात चर्चा नाही. राज्य पातळीवर खेळला तर बोर्डाच्या सवलतीच्या गुणांसाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून वेळेत अर्ज करा. हे शाळेवर सोडलं की राहून जातं. पुढं कॅम्पमुळं कॉलेज जमलं नाही तर मुक्त विद्यालयातून बारावी होते. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपा, कारण सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्यांचीच पडताळणी होते. मिस्टरांना हा मुद्दा लगेच पटेल. त्यांची भीतीही खोटी नाही: २०२५ च्या डिसेंबरात आयएसएलचा व्यावसायिक करार संपणार होता, त्या गोंधळात देशातली सगळ्यात मोठी लीग अडकून पडली, सीझन सुरू व्हायला फेब्रुवारी उजाडला. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंनासुद्धा तेव्हा लीग नव्हती. म्हणून अठरा पूर्ण झाले की त्याला फेडरेशनचा डी-लायसन्स कोचिंग कोर्स करू दे. खेळत असतानाच.

ते गृहस्थ रविवारी पुन्हा येणार आहेत असं तुम्ही लिहिलंय. आले की त्यांचा फिफा एजंट परवाना क्रमांक मागा आणि स्पेनमधल्या ज्या क्लबकडे अधिकृत नोंदणी होणार त्याचं नाव लेखी द्यायला सांगा. परवानाधारक एजंटचं नाव फिफाच्या साइटवर सापडतं. दोन्ही मिळालं तर मला पाठवा, मी बघतो. आणि वहीतली पहिल्या महिन्याची मिनिटंही त्याच पाकिटात घाला.