स्वस्तात मिळालेले बॉल पायथन आणि न मिळालेला कागद

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडला राहतो. चौदा महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका व्यक्तीकडून तीन बॉल पायथन जातीचे साप (एक नर, दोन माद्या) बाजारभावापेक्षा बरेच स्वस्तात घेतले. प्लास्टिकचे डबे, एक थर्मोस्टॅट आणि थर्माकोलचा खोका एवढ्यावर कमी खर्चात पैदाशीची सोय केली आहे. बारा दिवसांपूर्वी एका मादीने सहा अंडी घातली. परदेशी प्राणी ताब्यात असल्याबद्दल २०२० साली केंद्र सरकारकडे केलेल्या घोषणेची प्रत विक्रेत्याने दिली आहे. पिल्लांची विक्री करून हळूहळू व्यवसाय वाढवायचा आहे. त्यासाठी शॉप ॲक्ट आणि उद्यम नोंदणी पुरेशी आहे का?

उत्तर : याच आशयाची पत्रे आता इतकी येतात की पहिले वाक्य वाचूनच शेवटचे ओळखता येते. बॉल पायथन आफ्रिकेतला आहे, आपला भारतीय अजगर नव्हे, म्हणून वन खात्याचा त्याच्याशी संबंध नाही, असे तुम्हीही धरून चाललेले दिसता. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात साइट्स (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराखालील प्रजातींसाठी स्वतंत्र प्रकरण आले, ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे, आणि बॉल पायथन त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत येतो. शॉप ॲक्ट, उद्यम, पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे २०१८ चे नियम, सोसायटीची हरकत, हे सगळे नंतर पाहता येईल.

तुमचे प्रकरण कलम ४९एमवर ठरणार आहे. अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची माहिती द्यायची, हस्तांतर झाले तर ते कळवायचे, पिल्लू झाले तर तेही कळवायचे, आणि या कलमाला व त्याखालील नियमांना सोडून असा प्राणी बाळगता, हस्तांतरित करता किंवा त्याची पैदास करता येत नाही, असे ते कलम सांगते. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी मुदतही ठरवून दिली. आधीपासून प्राणी असणाऱ्यांना सहा महिने मिळाले आणि ते २८ ऑगस्ट २०२४ ला संपले. त्यानंतर प्राणी घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत केंद्राच्या परिवेश या पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा. तुमचे तीस दिवस संपून तेरा महिने झाले. या काळात तुम्ही डब्यांना हवेसाठी भोके पाडलीत, तापमान बत्तीस अंशांवर आणलेत, उंदरांचा पुरवठा ठरवलात, मात्र एक अर्ज केला नाहीत. याला निष्काळजीपणा म्हणण्यावाचून मला गत्यंतर नाही.

पत्रासोबत जोडलेली प्रत मी बारकाईने पाहिली. ती केंद्राच्या जून २०२० च्या ऐच्छिक घोषणा योजनेखालची आहे, म्हणजे ४९एमखालची नोंदणी नव्हे. तिच्यावर नाव तिसऱ्याच माणसाचे आहे, जिल्हा दुसरा आहे आणि प्राण्यांची संख्या दोन लिहिली आहे. तुमच्याकडे तीन आहेत. त्यातही अंडी घातलेली मादी विक्रेत्याच्याच म्हणण्याप्रमाणे साडेतीन वर्षांची आहे, म्हणजे ही घोषणा झाली तेव्हा ती जन्मलीही नव्हती. जिच्या जोरावर तुम्ही व्यवसाय उभा करू पाहता, नेमक्या त्याच मादीला हा कागद लागू पडत नाही. विक्रेत्याने किंमत कमी का लावली असेल, याचा विचार खरेदीच्या वेळी व्हायला हवा होता. कागदपत्रे पूर्ण असलेला साप महाग असतो, आणि तुमची बचत त्या फरकातूनच झाली आहे.

नोंदणी देताना प्राणी कायद्याचा भंग करून मिळवलेला नाही, याविषयी प्राधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या सामानात हेच साप दडवलेले वारंवार सापडत असताना, अधिकारी तोंडी हकिकतीवर विसंबेल असे समजू नका. म्हणून विक्रेत्याकडून त्याचे स्वतःचे नोंदणी प्रमाणपत्र, त्या मादीचा जन्म कळवल्याची पोच आणि प्रत्येक हस्तांतराची पोच, असे तिन्ही कागद लेखी पत्र पाठवून मागा. ते मिळाले तर उशिराचा अर्ज कारणांसह करता येईल. तो मान्य होईलच असे मी म्हणणार नाही, पण मांडण्यासारखी बाजू तरी राहील. मागच्या तारखेचे विक्रीपत्र करून देण्याची तयारी तो दाखवील. ते घेऊ नका, कारण आज जो प्रश्न नोंदणीचा आहे तो त्या कागदाने बनावट दस्तऐवजाचा होईल.

कागद मिळाले नाहीत, तर अर्ज म्हणजे एक प्रकारे कबुलीच ठरते, आणि उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या स्थितीत स्वतः पोर्टल उघडण्याआधी वन्यजीव प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांना भेटा. कलम ४२अ मधील स्वेच्छेने प्राणी जमा करण्याची तरतूद मालकी प्रमाणपत्र असलेल्यांसाठी आहे. तिचा आधार तुम्हाला मिळेल असे आज मला वाटत नाही. साप जप्त झाले तर ते मुद्देमाल म्हणून जातील आणि तारखा पडत राहतील. बंदिवासात हा प्राणी वीस-तीस वर्षे जगतो, त्यामुळे निकालाच्या दिवशी तो हयात असण्याची शक्यता आपल्या न्यायालयांच्या गतीकडे पाहता चांगली आहे.

अंड्यांना मात्र न्यायालयाची सवड नाही. पंचावन्न ते साठ दिवसांत ती फुटतात, म्हणजे तुमच्या हाती साधारण दीड महिना आहे. नोंदणी नसलेल्या मादीची सहा पिल्ले म्हणजे आणखी सहा बेनोंद प्राणी, आणि ती कोणाला विकणे, भेट देणे किंवा मित्राकडे ‘ठेवायला’ देणे हे प्रत्येक वेळी नवे हस्तांतर ठरेल. अंडी नष्ट करू नका आणि साप डोंगरात सोडू नका. पहिल्याने पुरावा नाहीसा केल्याचा आरोप ओढवेल, दुसऱ्याने परका प्राणी आपल्या रानात सोडल्याचा. अंडी घातल्याची तारीख, संख्या आणि छायाचित्रे जपून ठेवा आणि वकिलांमार्फत जो अर्ज जाईल त्यात अंड्यांचा उल्लेख स्पष्ट करा. विक्रेत्याला पत्र या आठवड्यातच नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि त्याच्याशी व्हॉट्सॲपवर झालेले बोलणे पुसू नका, कारण ‘पेपर नंतर देतो’ हे त्याचे वाक्य तुमच्या बाजूने उपयोगी पडेल अशी ती एकच जागा आहे. शॉप ॲक्टचा अर्ज मात्र तूर्त भरू नका. त्यात व्यवसायाचे स्वरूप लिहावे लागते.