गाडी बाबांच्या नावावर, स्टिअरिंग मुलांच्या हाती

नुकतंच लायसन्स मिळालेली मुलं आणि घरची गाडी, या विषयावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न आज घेते.

प्रश्न : मुलीला १८ पूर्ण झाली, मागच्या महिन्यात पक्कं लायसन्स मिळालं. गाडी माझ्या नावावर आहे. पॉलिसीत तिचं नाव घालावं लागेल का? परदेशातला भाऊ म्हणतो, तरुण मुलांमुळे हप्ता खूप वाढतो.

भावाकडचे नियम वेगळे. भारतात विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. तुमच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा छोटा परिच्छेद असेल, तो काढून वाचा. वैध लायसन्स असलेल्या कोणीही तुमच्या परवानगीने गाडी चालवली तरी विमा लागू राहतो, असा त्याचा अर्थ. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवतं, आणि पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना तो इंजिनाच्या सीसीप्रमाणे असतो. मुलीच्या वयाचा तिथे संबंधच येत नाही.

एक मात्र करा. तिचं कार्ड हातात घेऊन त्यावर ‘एलएमव्ही’ (लाइट मोटर व्हेइकल, म्हणजे कारसारखी हलकी वाहनं) लिहिलंय ना, ते बघा. फक्त दुचाकीचं लायसन्स असलेली मुलं बिनधास्त कार काढतात. विम्याच्या लेखी ते विनालायसन्स चालवणंच ठरतं.

प्रश्न : मुलाकडे अजून लर्निंगच आहे. सरावात अपघात झाला तर क्लेम मिळेल का?

मिळेल, पण मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम तंतोतंत पाळलेला असला तर. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी. मी पाहिलेल्या एका प्रकरणात वरवर हे सगळं होतं. काचेवर लाल चिकटपट्टीचा ‘एल’ होता, शेजारी आई बसली होती. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरने आईचं लायसन्स मागितलं आणि त्याची मुदत केव्हाच संपलेली निघाली. क्लेम नामंजूर झाला. बाईंना आपलं लायसन्स संपल्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा मुलाच्या शेजारी बसण्याआधी आपल्या कार्डावरची तारीख बघून घ्या.

प्रश्न : पॉलिसीत १५ लाखांचं अपघात कव्हर दिसतं. मुलगा चालवत असताना त्याला काही झालं तर ते त्याला मिळेल ना?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. ते कव्हर ‘ओनर-ड्रायव्हर’चं आहे. पॉलिसीच्या अटीनुसार ते आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचं, आणि तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. गाडी तुमची आणि चालवणारा मुलगा, म्हणजे कंपनी हीच अट पुढे करणार.

थर्ड पार्टीतून मिळेल असंही समजू नका. त्याच्या चुकीने गाडी दुभाजकावर गेली, तर तो स्वतः ‘तिसरा’ ठरत नाही. मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं आहे. चूक समोरच्या गाडीची असेल, तर त्या गाडीच्या विम्यावर दावा करता येतो.

म्हणजे विमा पत्र्याचा आहे, समोरच्याचा आहे, तुमचा आहे. नाही तो तुमच्या लेकाचा. आपण झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट अशी गाडीसाठीची जादा कव्हरं सगळी घेतो आणि हीच जागा उघडी ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. ती गाडीला बांधलेली नसते, मित्राच्या बाइकवरही चालते. कमाई नसलेल्या मुलांना रक्कम बेताचीच मिळते. असू दे, मिळेल तेवढी घ्या. आणि घरच्या आरोग्यविम्यात त्याचं नाव अजून आहे ना, तेही तपासा. वयोमर्यादेमुळे ते गळलेलं असू शकतं.

प्रश्न : धाकटा १७ वर्षांचा आहे, पण हात चांगला बसलाय. जवळच्या जवळ गाडी दिली तर चालेल?

देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर विसराच. कोणी जखमी झालं, तर कोर्ट विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं.

प्रश्न : लेकीने पार्किंगच्या खांबाला दार घासलं. माझा एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के आहे. एजंट म्हणतो, क्लेम करा, पण तुम्हीच चालवत होतात असं लिहा.

असं अजिबात लिहू नका. तिच्याकडे लायसन्स आहे, म्हणजे क्लेम खरं सांगूनही बसतो. खोटं लिहिलंत, सीसीटीव्हीत ती दिसली, की मिळणारा क्लेमही जाईल.

आता क्लेम करावा का? क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्क्यांची सूट शून्यावर येते आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं चढत यावं लागतं. समजा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सुटीआधी १२ हजार आहे. पहिल्याच वर्षी सहा हजार जास्त जातील. दाराच्या रंगाला पाच हजार लागत असतील तर खिशातून द्या.

काही पालक यावर गाडीच मुलांच्या नावावर करायचं म्हणतात. तसं केलंत तर एनसीबी तुमच्याकडेच राहतो, मुलीला मिळत नाही, आणि गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही तिच्या नावावर करून घ्यावी लागते. मग मात्र ‘ओनर-ड्रायव्हर’ तीच होते, आणि १५ लाखांचं कव्हरही तिचं होतं.